सेल काढून ठेवले होते का?

…नाही, पण तुम्हीच सांगा, हा काय विचारायचा प्रश्न झाला? समोर एक माणूस घामाघूम होऊन फरशीवर बसलाय, हातात बायकोचे भांडी घासायचे पिवळे हातमोजे, मांडीवर रेडिओ, रेडिओच्या पोटातून पांढरा-हिरवा चुरा गळतोय, साडेचारला पाहुणे दारात उभे राहणार आहेत, आणि अशा माणसाला तुम्ही काय विचारता? तर म्हणे, "सेल काढून ठेवले होते का?" अहो, काढून ठेवले असते तर मी रविवारी दुपारी, जेवणखाण सोडून, हा असा बसलो असतो का? मला काय हौस आहे पिवळ्या हातमोज्यांची?

तुम्हाला सांगतो, त्या एका दिवसात हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. चार! त्यातल्या एका बाईंना तर मी ओळखतही नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग नव्हते ना काढून ठेवले? नव्हते. पण त्यामागे विचार आहे. मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो, अठ्ठावीस वर्षं झाली. वॉशरपासून वंगणाच्या डब्यापर्यंत काहीही मागा, डोळे मिटून हात घालतो आणि काढून देतो. आमच्या खात्याचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावतं. लागलं तर? बस. हे फेकू नका, लागलं तर? ते सुटं करू नका, लागलं तर? वस्तू कशी पाहिजे, हातात घेतली की चालू! आता घरात माझे सहा टॉर्च आहेत. टॉर्च कशाला असतो? अंधार झाला की लावायला. मग अंधार झाल्यावर आधी टॉर्च शोधायचा, मग सेल शोधायचे, आणि हे सगळं शोधायला उजेड कुठून आणायचा? म्हणून माझं म्हणणं, सेल आतच पाहिजेत.

हिचं म्हणणं बरोबर उलटं. हिचं म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं. वस्तू वापरून झाली की सेल बाहेर! नुसते बाहेर नाहीत, कागदात गुंडाळणार, वर तारीख घालणार, पत्र्याच्या डब्यात ठेवणार. गेली चोवीस वर्षं आमच्या घरात हेच चाललंय. मी घालतो, ती काढते. लोकांच्या घरात मोठमोठ्या विषयांवर भांडणं होतात हो, पैसा, माहेर, सासर… आमच्याकडे वजनकाटा! "अहो, परत घातलेत तुम्ही याच्यात सेल?" मी म्हणायचो, "लागला तर?" ती म्हणायची, "वर्षातून एकदा वजन बघता, तेही बघून खोटं म्हणता."

तर तो रविवार. सकाळी फोन आला. आत्याच्या सुनेचा.

आता आत्या म्हणजे कोण, ते सांगितलं पाहिजे. मला वाढवलं आत्यानं. आई लवकर गेली, वडील फिरतीवर, मी चार वर्षांचा असल्यापासून आत्याकडे. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर एक रेडिओ असायचा. चौकोनी, काळा, पुढे जाळी, उजव्या हाताला एवढं मोठं बटण. त्या रेडिओवर माझी अंघोळ, त्या रेडिओवर माझा अभ्यास, त्या रेडिओवर माझा मार. म्हणजे बातम्या संपल्या की मार मिळायचा, बातम्या चालू असताना आत्या मारायची नाही. मी दहावीला असताना देवाला एकच मागायचो, बातम्या लांबू देत. सहा वर्षांपूर्वी आत्या घर सोडून मुलाकडे राहायला गेली. तिकडे जागा कमी. तेव्हा तिनं तो रेडिओ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "टिल्लू…" हो, टिल्लू. हसू नका. बावन्न वर्षांचा आहे मी, पोट पुढे आहे, कारखान्यात लोक मला साहेब म्हणतात, आणि आत्या मला टिल्लू म्हणते. तर, "टिल्लू, हा तुझ्याकडे राहू दे. पण लावत जा रे. बंद ठेवू नकोस."

मी म्हटलं, "रोज लावीन."

किती दिवस लावला असेल? अकरा दिवस. बाराव्या दिवशी पाहुणे आले, टेबल मोकळं करायचं म्हणून तो कपाटावर गेला, कपाटावरून माळ्यावर गेला, आणि माळ्यावर गेलेली वस्तू आपल्या पायांनी कधी खाली येते का? पण दर महिन्याला आत्याचा फोन. म्हणजे फोन सून लावणार, आत्याला ऐकू येत नाही, त्यामुळे आत्या मागून ओरडणार आणि सून आमचं उत्तर तिला ओरडून सांगणार. "रेडिओ लावतोस का रे?" "रोज लावतो म्हणावं!" सहा वर्षं. बहात्तर महिने. बहात्तर वेळा मी "रोज लावतो" म्हटलंय, आणि प्रत्येक वेळी शेजारी उभी राहून ही माझ्याकडे जी बघायची ना… ते बघणं मी तुम्हाला करून दाखवू शकत नाही, त्याला चोवीस वर्षांचा संसार लागतो.

तर रविवारी सकाळी सून म्हणाली, "भावोजी, ह्यांची बदली झालीय. खूप लांब, दोन दिवसांचा प्रवास आहे. आज निघतोय. गाडी तुमच्याच गावावरून जाते, तर सासूबाई म्हणतात, दोन तास थांबायचंच. साडेचारला येऊ. आणि त्या म्हणतात…" मागून आत्याचा आवाज, अगदी खणखणीत, "पाचचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आपल्या रेडिओवर ऐकीन, मग जाईन म्हणावं! परत इकडे येणं काय आता होत नाही!"

आत्याचं वय चौऱ्याऐंशी. परत येणं होत नाही म्हणजे होत नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. मी म्हटलं, "या या, रेडिओ काय, चालूच असतो." त्र्याहत्तरावं खोटं!

फोन ठेवला आणि शिडी लावली. रेडिओ खाली आला. मी स्टोअरचा माणूस, वस्तू कशीही ठेवत नाही, तीन उशांच्या अभ्र्यांत गुंडाळलेला होता, एक एक काढला, वरून रेडिओ असा चकचकीत! मी हिच्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. बटण फिरवलं. काही नाही. परत फिरवलं. काही नाही. पाठीवर एक चापट मारली. काही नाही, पण आतून काहीतरी खुळखुळलं. मागचं झाकण उघडायला गेलो, तर झाकण उघडेना. चमच्याचा दांडा घातला, जोर लावला, आणि फट्दिशी उघडलं…

मंडळी, काय सांगू. चार सेल. चारही फुगलेले. एकमेकांना चिकटलेले. त्यांच्या अंगातून कायकाय पाझरून वाळलेलं, वर पांढरी भुकटी, खाली हिरवं, कोपऱ्यात निळं, आणि स्प्रिंग? स्प्रिंग कुठे संपते आणि भुकटी कुठे सुरू होते, पत्ता नाही. मी बघत बसलो. मागून ही आली. वाकून बघितलं. आणि अगदी शांतपणे, आवाजसुद्धा न चढवता…

"सेल काढून ठेवले होते का?"

हा पहिला.

मी म्हटलं, वाद नको, वेळ नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. रविवार! दुकान बंद, फोन त्याच्या बायकोनं उचलला. "ते बाहेर गेलेत. उद्या या. काय झालंय?" मी म्हटलं, "वहिनी, रेडिओ आहे, जुना, बरेच दिवस बंद होता, उघडला तर आत सगळं…" "अगंबाई. सेल काढून ठेवले होते का?" बघा! त्या बाईंना मी पाहिलेलं नाही, त्यांनी मला पाहिलेलं नाही, आणि त्यांचाही प्रश्न तोच. हा दुसरा.

मग मेव्हण्याला फोन. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. त्याचं मोटारी दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्यामुळे जगातल्या सगळ्या यंत्रांवर तो बोलतो. त्याला सगळं सांगितलं. तो पलीकडे बराच वेळ हं, हं करत होता. मला वाटलं, विचार करतोय. मग म्हणतो, "भाऊजी, एक सांगा…" मी म्हटलं, "नव्हते! नव्हते काढून ठेवले! पुढे बोल!" "नाही, मी आपलं विचारलं. सोप्पं आहे हो. खायचा सोडा पाण्यात कालवायचा आणि लावायचा. आमच्या मोटारीच्या बॅटऱ्यांना मी रोज लावतो. पाच मिनिटांत चकाचक."

मी सोडा आणायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे ही व्हिनेगरची बाटली आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या घेऊन उभी. "सोडा नाही, व्हिनेगर. दोन थेंब. सेलच्या पाकिटावरच्या बारीक अक्षरांत उपाय दिला होता, मी वाचलाय." मी म्हटलं, "तुझा भाऊ सोडा म्हणतो." ती म्हणाली, "त्याला काय कळतंय?" फोन चालूच होता, फोनमधून आवाज आला, "ताईला काय कळतंय?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? संसारी माणसांनो, तुम्ही सांगा. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला तिचा सख्खा भाऊ. बायकोचं ऐकावं तर "माझ्या भावाला घरात किंमतच नाही", आणि भावाचं ऐकावं तर… ते तर बोलायलाच नको. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी एक नियम केलाय. त्या बहीण-भावांत बाजू घ्यायची नाही. दोघांनाही सारखा मान. म्हणून मी काय केलं, दोघांचंही ऐकलं. आधी दोन चमचे सोडा टाकला, आणि त्यावर व्हिनेगर. बाटलीनं.

फस्स्स्स…

अहो, रेडिओच्या पाठीतून फेस! पांढराशुभ्र फेस! उसळतोय, फसफसतोय, मांडीवरून ओघळतोय, पुढच्या जाळीतून बाहेर येतोय! सहा वर्षं ज्या रेडिओतून आवाज निघाला नव्हता त्यातून आवाज निघायला लागला, फस्स, बुड्बुड्, फस्स… मेव्हणा फोनवर विचारतोय, "काय झालं? लागला का रेडिओ?" मी रेडिओ उचलला, उलटा केला, फेस बाहीत गेला. ही टॉवेल घेऊन आली, आणि पहिल्यांदा तिनं तो प्रश्न विचारला नाही. नुसतं म्हणाली, "डॉक्टरांना बोलावते."

मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही गं!"

पण ती शेजारी गेली होती. आमच्या शेजारी दातांचे डॉक्टर राहतात. भला माणूस. रविवारचे घरीच असतात. अर्धी चड्डी, डोक्याला तेल लावलेलं, पण हातात ती चामड्याची पेटी. आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले, कपाळाला तो दिवा बांधला आणि रेडिओत डोकावले. "हं. कधीपासून आहे हे?" मी म्हटलं, "सहा वर्षं." "सहा वर्षं दाखवलं नाहीत कुणाला?" मी मान खाली घातली. तुम्हाला सांगतो, बावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, दुसऱ्याच्या रोगाबद्दल मी मान खाली घातली! मग त्यांनी अणकुचीदार आकडी काढली, हळूच एक कोपरा खरवडला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "सेल काढून ठेवले होते का?"

चौथा! मी त्या क्षणी मनाशी ठरवलं. आयुष्यात एकदा तरी, कधीतरी, कुणाला तरी हा प्रश्न मी विचारणार. असाच. शांतपणे. मान तिरकी करून.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला. "वहिनींचं बरोबर. मोटारीच्या बॅटरीत आम्ल असतं, तिथे सोडा ठीक. या सेलमधून येतं ते आम्लाच्या उलट, त्याला व्हिनेगर किंवा लिंबू. तेही थेंबभर, काडीनं. तुम्ही दोन्ही एकदम ओतलंत, ती दोघं एकमेकांशीच भांडत बसली, सेलकडे कुणी बघितलंच नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, हे मला चोवीस वर्षं माहीत आहे." ही म्हणाली, "काय म्हणालात?" मी म्हटलं, "काही नाही."

मग सुरू झालं. आधी सेल उपटले. चौथा निघेना. डॉक्टर चिमटा लावून रेडिओला म्हणाले, "थोडं दुखेल हं." सवय हो माणसाची! मग कोरड्या ब्रशनं भुकटी झाडायची. ब्रश कुठला? दात घासायचा. मी धावत जाऊन माझा आणला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला. "हा तुम्ही रोज वापरता?" मी म्हटलं, "हो." "याला आता रेडिओच बरा. किती महिने झाले याला?" अहो, रेडिओ साफ करायला आलेला माणूस माझे वाभाडे काढतोय! तर ब्रशनं झाडलं, काडी व्हिनेगरमध्ये बुडवून हलकेच फिरवली, ते फेसाळलं, पुसलं, परत फिरवलं, परत पुसलं, मग त्यांच्याजवळचं स्पिरिट लावलं, मग हिच्या केस वाळवायच्या यंत्रानं गार वारा. पट्ट्या चमकायला लागल्या. मी म्हटलं, जमलं! तेवढ्यात डॉक्टरांनी शेवटच्या स्प्रिंगला आकडी लावली, आणि टक्. स्प्रिंग त्यांच्या हातात.

"मुळापर्यंत गेली होती. नवी बसवावी लागेल."

वाजले होते तीन. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला! सहा टॉर्च! प्रत्येकाच्या बुडाशी स्प्रिंग! मी उठलो, छाती पुढे काढली, हिला म्हटलं, "बघ. लागलं तर, लागलं तर म्हणून हसत होतीस ना? आज लागलं." सहाही टॉर्च टेबलावर ओळीनं मांडले. पहिला उघडला. भुकटी. दुसरा उघडला. भुकटी. तिसऱ्याचं बूड फिरेचना. चौथ्यातून काहीतरी हिरवं ओघळलं. पाचवा मी उघडला आणि लगेच लावून टाकला, मला माझ्या डोळ्यांनी बघवेना. डॉक्टर बिचारे खिडकीबाहेर बघत होते. सहावा… सहावा हलका लागला. उघडला. स्वच्छ! कोरडा! आत स्प्रिंग अशी लखलखत होती! आणि स्प्रिंगवर एक कागदाची चिठ्ठी, घडी केलेली, हिच्या अक्षरात: "यातले मी काढलेत. डब्यात आहेत."

ही आत वळली. जाऊन तो पत्र्याचा डबा घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला, उघडला. आत कागदात गुंडाळलेले सेल, जोडीजोडीनं, तारखा घातलेले, एकाच्याही अंगावर डाग नाही. चोवीस वर्षं जी बाई माझ्या मागं मागं फिरून सेल काढत होती, आज तिनं काढलेले सेल आत्याच्या रेडिओत जाणार होते. मला भरून आलं, खरं सांगतो. मी म्हटलं, "अगं…" ती म्हणाली, "आधी स्प्रिंग बसवा. वाजले किती बघा."

डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली. सैल होती, तर चॉकलेटची चांदी घडी घालून खाली दिली. "ही तात्पुरती," म्हणाले, "कायमची नंतर करू." चार सेल घातले. झाकण लावलं. मी डोळे मिटून बटण फिरवलं. खर्रर्र… खुर्र… आणि मग एक बाई अगदी स्वच्छ आवाजात हवामान सांगायला लागल्या! आम्ही तिघंही फरशीवर बसून ते ऐकत होतो. पाऊस पडणार होता की ऊन, मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती फळी होती, आणि बातम्या लांबाव्यात म्हणून डोळे घट्ट मिटून बसलेला मी होतो.

साडेचारला गाडी आली. मुलगा आणि सून खाली सामान नीट लावत थांबले, ही सुनेला हात द्यायला गेली, आत्या एकटी काठी टेकत वर आली. एवढीशी झालीय हो. पण आवाज तोच! "टिल्लू! वाळलास रे!" ऐंशी किलो वजन आहे माझं. मी म्हटलं, "आत्या, कशी आहेस?" "जिने फार केलेत तुमच्याकडे! सुनेनं खोकल्याचं औषध कुठं ठेवलंय कोण जाणे! तुझ्या वडिलांसारखा दिसायला लागलास!" आता आत्याला ऐकू येतंय की नाही हे कधी कळतच नाही, कारण ती दुसऱ्याला बोलूच देत नाही. उजवा कान पूर्ण गेलाय, डाव्या कानासाठी मुलानं मशीन करून दिलंय. पण ती ते रोज घालत नाही. जपून वापरते. पाचला दहा कमी असताना तिनं पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून डबी काढली, डबीतून मशीन काढलं आणि एखादी बाई दागिना घालते तसं ते कानात घातलं. पदर सारखा केला. "हं. लाव."

मी लावला. पाच वाजले. गाणं सुरू झालं. काय आवाज, मंडळी! डॉक्टर दारात उभे, ही सुनेला घेऊन आलेली, सगळे आत्याच्या तोंडाकडे बघतोय. आत्या रेडिओकडे बघतेय. आणि आत्या म्हणाली, "लाव ना रे."

मी म्हटलं, "लावलाय, आत्या." आवाज वाढवला. आणखी वाढवला. समोरच्या बिल्डिंगमधले दोघं खिडकीत आले. आत्या तशीच बसलेली. मग तिनं हळूच हात पुढे केला, रेडिओच्या डोक्यावर ठेवला, थोपटल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "बंद पडला होय. असू दे. इतकी वर्षं रोज लावलास, तेच खूप झालं माझ्या बाळा."

तुम्हाला सांगतो, ते मला सहन झालं नाही. रागावली असती तरी चाललं असतं. मी तिच्या पायाशी बसलो आणि भडाभडा सगळं बोलून टाकलं. "आत्या, मी रोज नाही लावला गं. अकरा दिवस लावला. माळ्यावर होता. बहात्तर वेळा खोटं बोललो, आज सकाळचं धरून त्र्याहत्तर…" गाणं फुल आवाजात चाललंय, मी त्याच्या वर ओरडून कबुली देतोय, डॉक्टर ऐकतायत, सून ऐकतेय, समोरच्या खिडकीतले दोघं ऐकतायत. एकटी आत्या सोडून सगळ्यांनी ऐकलं. आत्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "घसा बसेल रे. मला ऐकू येत नाहीये. मशीन बसलंय वाटतं."

ही पुढे आली. तिनं अलगद आत्याच्या कानातलं मशीन काढलं, माझ्या हातात दिलं. नखाएवढं झाकण असतं त्याला. मी ते उघडलं. आत एवढासा चपटा सेल, बटणाएवढा, आणि त्याच्यावर… पांढरी भुकटी!

मंडळी, क्षण आला होता. सकाळपासून ज्याची वाट बघत होतो, तो! चार जणांनी मला विचारलेला प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी मानसुद्धा तिरकी केली. आत्यानं माझ्या हातातल्या मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत शाळकरी पोरीसारखी खाली बघत म्हणाली, "सून म्हणते, ठेवताना सेल काढून ठेवत जा. मी नाही काढत. लागलं तर?"

गाणं फुल आवाजात चालूच होतं. हिनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या लक्षात आलं, मी हे कारखान्याच्या स्टोअरमध्ये शिकलो असं आयुष्यभर समजत होतो. मी ते त्या फळीखाली शिकलो होतो. मी प्रश्न गिळला. हिनंही विचारला नाही, आणि तिला तर तो विचारायचा हक्क होता.

डॉक्टरांनी निमूट पेटी उघडली. इथे व्हिनेगर नाही, म्हणाले, इथे कोरडाच ब्रश, आणि मऊ पाहिजे. माझ्या ब्रशकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हिनं स्वतःचा आणून दिला. झाडलं, टोकदार काडीच्या टोकावर जरासं स्पिरिट घेऊन पुसलं, सव्वापाच… पुसलं, साडेपाच… झालं. पण नवा सेल? एवढासा सेल रविवारी कुठून आणायचा? तर आत्यानं पिशवीत हात घातला. खोकल्याच्या औषधाखालून सेलची अख्खी पट्टी निघाली, सहाच्या सहा, न उघडलेली. सून म्हणाली, "अहो, ही वर्षापूर्वी आणून दिली होती, वापरली नाहीत?" आत्या काही ऐकल्याशिवायच म्हणाली, "जपून ठेवलीय. लागली तर?"

नव्या सेलवरचा चिकट कागद काढला, मिनिटभर हवा लागू दिली, मशीनमध्ये घातला, मशीन आत्याच्या कानात. सहाला दहा कमी. आत्या दचकली. कपाळाला आठी घातली.

"आवाज केवढा ठेवलायस रे मेल्या! बारीक कर!"

मी बारीक केला. शेवटची दोन गाणी तिनं डोळे मिटून ऐकली. बोटानं मांडीवर ठेका धरला होता. दुसऱ्या गाण्याला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही आलं, डॉक्टर म्हणाले, स्पिरिटनं होतं असं. सहाला सून म्हणाली, निघायला हवं. आत्या उठली, दारापर्यंत गेली, परत फिरली. रेडिओकडे बोट दाखवून मला म्हणाली, "टिल्लू, यातले सेल काढू नकोस हं. लागला तर?" मी म्हटलं, "नाही काढणार." मागून ही एकच शब्द म्हणाली, "अहो."

आता मी कात्रीत. सेल काढावेत तर आत्याला दिलेला शब्द मोडतो, ठेवावेत तर घरात राहायचं कसं? चार दिवस विचार केला. शेवटी एकच मार्ग निघाला. सेल आत ठेवून खराब होऊ द्यायचे नसतील तर रेडिओ वापरायचा. मग काय, लावतो. रोज. खरंच रोज! सकाळी अंघोळीच्या आधी, नेमानं. बायको खूश, आत्याचा शब्द राहिला, आणि परवा महिन्याचा फोन आला तेव्हा चौऱ्याहत्तराव्या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, मी छाती ठोकून खरं सांगितलं, "आत्या! रोज लावतो!"

पलीकडून काही नाही. मी परत ओरडलो. "आत्या! रोज! खरंच!" मग सून म्हणाली, "भावोजी, त्यांना ऐकू नाही येत. मशीन डबीत आहे." मी म्हटलं, "अहो, मग घाला की कानात!" ती म्हणाली, "घालून बघितलं. तीन दिवस झाले, चालत नाहीये."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. शांतपणे. मान तिरकी केली. विचारलं, "वहिनी… सेल काढून ठेवले होते का?"

आणि मागून, तीन दिवसांत एकही अक्षर ऐकू न आलेली आत्या, कुणी काही सांगायच्या आत ओरडली, "लागलं तर, रे?"

हिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि सुनेला म्हणाली, "तुमच्याकडे दात घासायचा एखादा मऊ ब्रश आहे का?"